हिलो ते वॉशिंग्टन, व्हाया हुलीहुली चिकन

विमानात बसायच्या आधीचं सांगितल्याशिवाय हे प्रवासवर्णन सुरूच होऊ शकत नाही, कारण आमचा अर्धा प्रवास शाळेच्या पार्किंगमध्येच झाला, भर पावसात, ताडपत्रीखाली, कोंबड्या भाजत. त्यामुळे जरा धीर धरा, वॉशिंग्टन येतंय.

आम्ही राहतो हवाईच्या मोठ्या बेटावर, हिलोला. नवरा मौना केआ या डोंगरावरच्या एका दुर्बिणीच्या कामात आहे आणि लेक हवाईयन माध्यमाच्या शाळेत आठवीत. मराठी पोरगी हवाईयन मिडियमला कशाला घातली हे मला नगरहून दर फोनला कोणी ना कोणी विचारतं, आणि खरं उत्तर इतकं साधं आहे की कोणाला पटत नाही: शाळा जवळ होती आणि तिच्या मैत्रिणी तिथे जात होत्या. सगळे विषय हवाईयनमध्ये, इंग्रजी हा विषय पाचवीत सुरू होतो, आणि आईबापांनीही भाषा शिकायची असते म्हणून आम्ही दोघं संध्याकाळच्या क्लासला जाऊन बसायचो. तिथले शिक्षक म्हणजे 'कुमु', आणि मी म्हणजे सगळ्या शाळेची 'आंटी'. हवाईत आईच्या वयाची प्रत्येक बाई आंटीच असते, त्यात नवल नाही.

तर नॅशनल हिस्टरी डे नावाची एक स्पर्धा असते, १९७४ ला क्लीव्हलँडमध्ये सुरू झालेली. सहावी ते बारावीची मुलं इतिहासाचा एक विषय घेऊन वर्षभर त्याच्यावर रिसर्च करतात आणि मग पेपर, प्रदर्शन, डॉक्युमेंटरी, वेबसाइट किंवा नाटुकलं यातलं काहीतरी एक सादर करतात. आधी जिल्हा, मग राज्य, आणि त्यातून निवडलेले जूनमध्ये मेरीलँड युनिव्हर्सिटीत कॉलेज पार्कला. २०२५ ची थीम होती 'हक्क आणि जबाबदाऱ्या'. आमच्या शाळेतून दोन गट निवडले गेले, मोठ्या मुलांचं एक नाटुकलं आणि माझ्या लेकीच्या गटाचं प्रदर्शन. शाळेत जल्लोष झाला, पोरांनी उड्या मारल्या, आणि तेवढ्यात कुमुंनी व्हाइटबोर्डवर एका मुलामागे किती खर्च येईल तो आकडा लिहिला, दोन-अडीच हजार डॉलरच्या आसपास. सगळे गप्प.

खर्च असा का, तर हिलोहून वॉशिंग्टनला थेट विमान नाही. आधी होनोलुलु, मग रात्रभर पॅसिफिक ओलांडून लॉस एंजेलिस, मग अख्खा अमेरिका खंड. शिवाय डॉर्मचे पैसे, नावनोंदणीची फी, जेवण, मेट्रो. व्हर्जिनियाची मुलं शाळेच्या बसने येतात, आमच्या मुलांना त्याच दहा मिनिटांच्या सादरीकरणासाठी जवळजवळ पावणेआठ हजार किलोमीटर जायचं. आणि राज्यपातळीचा निकाल लागल्यावर हातात उरतात जेमतेम दीड-दोन महिने.

त्यातच एप्रिलमध्ये नॅशनल एंडाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज या सरकारी संस्थेची देशभरातली अनुदानं धडाधड रद्द झाली. हवाईत ही स्पर्धा भरवते ती राज्याची ह्युमॅनिटीज कौन्सिल, आणि तिचा मोठा आधार तेच अनुदान. आमच्या तिकिटांचे पैसे काही तिथून येणार नव्हते, पण आधी कोणाकडे तरी 'थोडी मदत होईल का' असं विचारता यायचं, ते दार बंद झालं. ज्यांच्याकडे विचारायचं तेच स्वतःचे पगार मोजत बसलेले.

मग काय, वर्गणी. नगरला माझ्या भावाला सांगितलं तर तो म्हणाला अगं म्हणजे अमेरिकेत पण गणपतीचं पावतीपुस्तक घेऊन फिरता होय तुम्ही. अगदी तेच. झिपीज या हवाईतल्या हॉटेलांच्या चिलीची, म्हणजे त्यांच्या तिखट रश्शाची, कुपनं विकली, त्यात शाळेला थोडं कमिशन मिळतं. ईस्टरनंतरच्या आठवड्यात हिलोत मेरी मोनार्क असतो, हुलाचा सगळ्यात मोठा उत्सव, जगभरातून माणसं येतात, त्या गर्दीत टेबल टाकलं. आयांनी फुरिकाके मिक्स केलं होतं, म्हणजे समुद्रशेवाळाचा मसाला लावलेला कुरकुरीत खाऊ, त्याच्या शेजारी मी माझा पोह्यांचा चिवडा ठेवला, आणि खोटं सांगत नाही, चिवडा आधी संपला.

पण खरा पैसा हुलीहुली चिकनचा. मोठ्या लोखंडी जाळ्यांमध्ये अर्ध्या-अर्ध्या कोंबड्या दाबून बसवायच्या, खाली कियावे नावाच्या झाडाच्या लाकडाचा कोळसा, आणि दोन बाजूंनी दोघांनी दांडे धरून ती अख्खी जाळी उलटायची, परत सॉस मारायचा, परत उलटायची. मी शाकाहारी, म्हणून मला सॉस ढवळायला बसवलं: सोया सॉस, ब्राउन शुगर, आलं, लसूण, अननसाचा रस. चव न बघता बादलीभर सॉस करणं हे माझं यंदाचं योगदान. पहाटे चारला कोळसा पेटवायचा तर हिलोचा पाऊस, जो वर्षात थांबतो कधी तेच शोधावं लागतं. तरी लोक गाड्यांची रांग लावून घेऊन गेले. एक गंमत म्हणजे रांगेत असे बरेच चेहरे होते जे २०१९ मध्ये मौना केआच्या रस्त्यावर बसले होते, नव्या थर्टी मीटर टेलिस्कोपच्या विरोधात, ज्या प्रकल्पात भारत भागीदार आहे, पुण्याच्या आयुकासकट. तेव्हा वरच्या सगळ्या दुर्बिणी काही आठवडे बंद होत्या आणि आमच्या घरात त्यावर जेवताना बरेच वाद झाले. त्यातलेच एक काका खिडकीची काच खाली करून मला म्हणाले, आंटी, चार द्या, आणि सुटे राहू द्या.

माझं मत विचाराल तर मुलांनी कोंबड्या विकून इतिहास सांगायला जावं हे मला पटत नाही. पण हेही दिसलं की ज्या माणसाने चार प्लेट घेतल्या त्याला मुलांचा विषय तोंडपाठ झाला, कारण प्रत्येक गाडीपाशी एक पोर उभं राहून विषय सांगत होतं. मेरीलँडच्या परीक्षकांच्या आधी निम्म्या हिलोने त्यांची परीक्षा घेतली. एका बाबांनी विचारलंही, की ऑनलाइन का नाही करत, कोविडमध्ये केलंच होतं की. त्याचं उत्तर मला बुधवारी मिळालं, येते तिथे.

शुक्रवार

हिलो एअरपोर्टवर आमचं सामान बघून काउंटरवरची बाई हसायलाच लागली. प्रदर्शनाच्या बोर्डाला नियमाप्रमाणे जास्तीत जास्त चाळीस इंच रुंदी, तीस इंच खोली आणि सहा फूट उंची चालते, आणि आमच्या पोरांनी सहाच्या सहा फूट वापरलेले. ते घेऊन चार विमानतळ कसे पार करायचे यावर दोन मीटिंग झाल्या होत्या. शेवटी एका मुलाच्या काकांनी त्यांची सर्फबोर्डची बॅग दिली. बोर्डाचे तीन तुकडे बिजागऱ्या काढून, मध्ये टॉवेल घालून त्यात बरोब्बर बसले. इथे सर्फबोर्ड बॅगेकडे कोणी वळून बघत नाही, लॉस एंजेलिसलाही नाही. वॉशिंग्टनला मात्र बेल्टवर ती बॅग आली तेव्हा एका गृहस्थांनी विचारलं, इथे लाटा कुठे आहेत?

निघताना आज्या-मावश्यांनी प्रत्येकाच्या गळ्यात इतक्या लेई, म्हणजे फुलापानांच्या माळा, घातल्या की माझ्या लेकीची हनुवटी दिसेना. मग कुमु पुढे उभे राहिले आणि मुलांनी सिक्युरिटीच्या रांगेच्या तोंडाशीच ओली म्हटली, म्हणजे ते लयीतलं पठण. रांगेतले टुरिस्ट फोन काढून शूट करत होते, त्यांना वाटलं विमानतळाचा कार्यक्रम आहे.

शनिवार

रात्र विमानात गेली, झोप कोणालाच नाही. सहा तासांचा फरक, म्हणजे मुलांच्या शरीराला पहाट आणि बाहेर दुपारचं रणरणतं ऊन. हिलोपण दमट आहे, पण तिथे वारा असतो, इथली हवा नुसती अंगाला चिकटते. डॉर्मच्या खोल्या साध्या, दोन पलंग, दोन टेबलं.

रात्री जेवणात भात नव्हता आणि मोठ्या गटातला उकुलेलेवाला, म्हणजे ते छोट्या गिटारसारखं वाद्य वाजवणारा मुलगा, खरोखर रडकुंडीला आला. हवाईच्या मुलाला भात नसेल तर जेवलो असं वाटतच नाही, याबाबतीत ती आपल्या कोकणातल्या माणसांसारखी. बॅगेतून स्पॅम मुसुबी निघाले, म्हणजे भाताच्या वडीवर डबाबंद मांसाचा तुकडा, तेवढ्यावर झोपले.

रविवार

नावनोंदणी आणि बिल्ल्यांची देवाणघेवाण. प्रत्येक राज्याची मुलं आपापल्या राज्याचे बिल्ले घेऊन येतात आणि दिवसभर मैदानावर, जिन्यात, कॅन्टीनच्या रांगेत नुसता बाजार चालू असतो. आमच्या पोरांच्या लक्षात आलं की हवाईच्या बिल्ल्याला भाव आहे, तेव्हा माझ्या साध्यासुध्या लेकीने एकाला तीन असा रेट लावला. रक्तातच आहे, मारवाडी पेठेजवळचं आजोळ.

मॅकेल्डिन लायब्ररीसमोर कासवाचा पुतळा आहे, टेस्टुडो, त्याचं नाक परीक्षेआधी घासायचं असतं म्हणे. घासून घासून चकचकीत झालंय. सगळ्यांनी घासलं, कुमुंनी पण.

सोमवार

आधी नाटुकलं. विषय त्यांचा असा: १८९३ च्या १७ जानेवारीला राणी लिलिउओकलानीला गादीवरून काढलं, काढणाऱ्यांत मिशनऱ्यांची मुलं-नातवंडं होती, मग त्यांचंच प्रजासत्ताक झालं आणि १८९७ मध्ये त्यांनी हवाई अमेरिकेला जोडायचा करार केला. त्याच्या विरोधात हवाईयन माणसांनी बेटाबेटांवर फिरून सह्या गोळा केल्या, पुरुषांच्या संघटनेने आणि बायकांच्या संघटनेने. त्या सप्टेंबरमध्ये हिलोला साल्वेशन आर्मीच्या हॉलमध्ये बायकांची सभा झाली, बोलायला एमा नावाही आणि अबिगेल कुआइहेलानी कॅम्पबेल, आणि सॅन फ्रान्सिस्को कॉल या पेपरची रिपोर्टर मिरियम मायकेलसन तिथे हजर होती, म्हणून ती सभा आपल्याला आज जवळजवळ ऐकू येते. आमची मुलं त्याच गावची. त्यामुळे त्यांच्या नाटकात 'त्या काळचं हिलो' दाखवायला फारसं काही लागलंच नाही, पावसाचा आवाज आणि चार खुर्च्या.

दहा मिनिटं, एक सेकंद जास्त नाही. सभेतली भाषणं त्यांनी आधी हवाईयनमध्ये ठेवली होती आणि रिपोर्टरचं पात्र ते इंग्रजीत टिपून घेत बोलतं, म्हणजे परीक्षकांना कळतंही आणि भाषा मागेही पडत नाही. ही युक्ती चष्मेवाल्या मुलीची, अकरावीतली, तीच एमा झाली होती.

नंतर प्रश्न. एका परीक्षकांनी सरळ विचारलं, की करार सिनेटमध्ये पडला तो तुमच्या सह्यांमुळेच पडला असं म्हणताय, बाकी कारणं नव्हती का? मी मागे बसून पदर असता तर चावला असता. चष्मेवाली म्हणाली, होती, मुख्य भूमीवरच्या बीट साखरवाल्यांना हवाईची साखर नको होती, काही सिनेटर्सना आमच्या रंगाची माणसं नको होती, आणि त्यांची कारणं आम्हाला आवडत नाहीत म्हणून आम्ही ती लपवणार नाही, पण दोन-तृतीयांश मतं लागत असताना हातात ४६च राहिली, आणि जे सिनेटर काठावर होते त्यांच्या दारोदार आमचे चार प्रतिनिधी तो गठ्ठा घेऊन फिरले होते. मला वाटतं मी एमएला असताना सुद्धा इतकं नीट उत्तर दिलं नसतं.

दुपारी प्रदर्शन. सर्फबोर्ड बॅगेतून बोर्ड निघाला, एक कोपरा दबलेला, तो कुमुंनी भाताच्या खळीने, म्हणजे परवाच्या मुसुबीच्या उरलेल्या भातानेच चिकटवला. विषय हवाईयन भाषेतली वर्तमानपत्रं. १८३४ मध्ये माउई बेटावर लहाइनालुनाच्या शाळेत 'का लामा हवाई' छापलं गेलं तिथपासून १९४८ पर्यंत शंभरावर पेपर निघाले, सव्वा लाखाच्या आसपास पानं. बातम्या, मरणाच्या नोंदी, वाचकांची भांडणं, वादळं, जमिनीचे दावे, सगळं. आणि विसाव्या शतकातली हवाईच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं लिहिणाऱ्या बऱ्याच मंडळींनी ही पानं उघडलीच नाहीत, कारण वाचता येत नव्हती. १८९६ च्या कायद्याने शाळेतली भाषा इंग्रजी झाली, मुलांनी हवाईयन बोललं तर मार, आणि १९८३ मध्ये काही शिक्षकांनी बालवाड्यांचं काम हातात घेतलं तेव्हा हवाईयन नीट बोलणारी अठराच्या आतली मुलं पन्नास सुद्धा उरली नव्हती. शाळेतली बंदी उठली १९८६ ला. हे सगळं बोर्डावर पाचशे शब्दांत बसवायचं असतं, नियमच आहे, आणि त्यातल्या शब्दाशब्दावरून घरात दोन महिने मारामाऱ्या.

परीक्षक बाईंनी संदर्भयादी चाळली आणि विचारलं, या पेपरांची भाषांतरं तुम्ही कुठली वापरलीत? माझ्या लेकीने बाजूच्या मुलीकडे बघितलं, ती हिच्याकडे, आणि मग लेक म्हणाली, नाही, आम्ही वाचले.

मंगळवार

स्पर्धा संपली असं समजून मुलं उशिरापर्यंत लोळली. संध्याकाळी रॉकव्हिलहून माझी मावसबहीण भलामोठा कुकर घेऊन आली, वरण, भात, बटाट्याची भाजी, लिंबू, तूप. मी तिला आदल्या दिवशीच फोनवर सांगितलं होतं की बाई दुसरं काही आणू नकोस, भात आण. उकुलेलेवाल्याने तीन वेळा घेतला आणि विचारलं की आंटी हे पिवळं पाणी रोज करता का तुम्ही.

जेवताना मुलांचं मिशनऱ्यांवरून चाललं होतं आणि मी सहज म्हटलं की आमच्याकडे पण तेच आले होते. तेच म्हणजे? म्हटलं बॉस्टनची तीच ती मंडळी, १८१० ची अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था. मुंबईत १८१३ ला पोचली, तुमच्याकडे १८२० ला. मुंबईत त्यांनी मराठी छापखाना काढला, तुमच्याकडे छपाई सुरू झाली १८२२ ला. माझ्या नगरात त्यांचं मोठं ठाणं होतं, १८४२ मध्ये तिथून 'ज्ञानोदय' सुरू झालं, सिंथिया फरार नावाच्या बाईंची मुलींची शाळा तिथलीच, जिथे सावित्रीबाई फुले शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला आल्या. आणि पहिलं मराठी वर्तमानपत्र 'दर्पण', ते मात्र मिशनचं नाही, बाळशास्त्री जांभेकरांचं, ६ जानेवारी १८३२. म्हणजे 'का लामा हवाई'च्या दोन वर्षं आधीचं.

टेबलावर एकदम शांतता आणि मग माझी स्वतःची लेक वैतागून म्हणाली, आई, हे आत्ता सांगतेस? संदर्भयादीत घातलं असतं ना! आणि वर, आमच्याकडे राज्य गेलं तुमच्याकडे का नाही गेलं, असा प्रश्न उकुलेलेवाल्याचा. म्हटलं बाळा आमचं आधीच गेलं होतं, दुसऱ्याच कंपनीकडे. त्यावर बराच वेळ चर्चा चालली, निम्मी हवाईयनमध्ये, मला जेवढी कळली तेवढी कळली. बहीण मला बाजूला घेऊन म्हणाली, तुझी पोरगी त्या भाषेत भांडते. हो, आणि मराठीत फक्त पैसे मागते.

बुधवार

११ जून, म्हणजे हवाईच्या पहिल्या राजाचा कामेहामेहा दिन, हवाईत सुट्टी असते. हा दिवस मुद्दाम वॉशिंग्टनसाठी राखला होता. कॉलेज पार्कहून ग्रीन लाइन थेट जाते. सकाळी आधी कॅपिटॉल, म्हणजे अमेरिकेची संसद. खालच्या मोठ्या हॉलमध्ये राज्याराज्यांचे पुतळे आहेत त्यात कामेहामेहा उभा आहे, काळा, सोनेरी झगा आणि शिरस्त्राण, भाला हातात, आजूबाजूचे कोट घातलेले पुढारी त्याच्यापुढे क्लार्क वाटतात. मुलं ओळीत उभी राहिली, हलक्या आवाजात ओली म्हटली. एक गार्ड जवळ आला, आम्हाला वाटलं थांबवणार, तो फक्त ऐकायला आला होता.

मग मेट्रो न घेता सरळ चालतच नॅशनल अर्काइव्ह्जला. या इमारतीला दोन तोंडं. कॉन्स्टिट्यूशन अव्हेन्यूच्या बाजूला स्वातंत्र्याचा जाहीरनामा बघायला टुरिस्टांची रांग, आणि पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूच्या बाजूला कागद वाचायला येणाऱ्यांचं दार. कुमुंनी काही आठवडे आधी मेलामेली करून वेळ घेतली होती. चौदा वर्षांखालच्यांना रिसर्चर कार्ड मिळत नाही, म्हणून धाकट्यांतले दोघं एका बाबांबरोबर जाहीरनाम्याच्या रांगेत गेले. लेक नुकतीच चौदाची झालेली, तिने कार्डावरचा फोटो तीनदा बघितला. गळ्यातल्या, टी नावाच्या झाडाच्या पानांच्या लेई लॉकरमध्ये, पेनं लॉकरमध्ये, आत फक्त पेन्सिल.

आणि मग ट्रॉलीवरून ते खोके आले.

हे कागद म्हणजे सोमवारच्या नाटकातल्या सह्या. पाचशे छप्पन्न पानं, एकवीस हजारांवर नावं, तेव्हा हवाईयन माणसंच सगळी मिळून चाळीस हजारांच्या आसपास होती. वर हवाईयन आणि इंग्रजी दोन्हीत छापलेला मथळा, 'पालापाला होओपीई कुए होओहुइआइना', जोडणीच्या विरोधातला अर्ज. बायकांची पानं वेगळी, पुरुषांची वेगळी, नाव आणि वय. डिसेंबर १८९७ मध्ये काउलिआ, कलाउओकलानी, रिचर्डसन आणि ऑल्ड हे चौघं जहाजाने, आगगाडीने इथे आले, राणी लिलिउओकलानी तेव्हा याच शहरात होती, सिनेटर होअर यांच्या हातून अर्ज सिनेटमध्ये गेला, करार पडला. चौघं परत गेले. पुढच्या उन्हाळ्यात स्पेनशी युद्ध पेटलं आणि मग कराराची भानगडच नको म्हणून साधा ठराव करून, ज्याला नुसतं बहुमत पुरतं, ७ जुलै १८९८ ला हवाई घेऊन टाकलं. कागद इथेच राहिले. हवाईच्या शाळांमधून शिकवलं जायचं की लोकांनी फारसा विरोध केला नाही. १९९६ मध्ये नोएनोए सिल्वा या हवाईयन जाणणाऱ्या अभ्यासक इथे शोधत आल्या आणि तेव्हा कुठे ते पुन्हा बाहेर आले.

आता खरं तर याचे स्कॅन ऑनलाइन आहेत, आणि हीच मुलं ते बघून मोठी झालीत. आपापल्या पणज्यांची नावं त्यांनी केव्हाच शोधून ठेवली होती, दोघांच्या टी-शर्टवर ती छापलेली होती. त्यामुळे मला जे होईल असं वाटलं होतं, डोळ्यांत पाणी वगैरे, तसं काही झालं नाही. पोरं थेट कामाला लागली. उकुलेलेवाला, ज्याला मी तोवर भातखाऊच समजत होते, तो एका पानावर वाकून बराच वेळ काही बोलेना, मग कुमुंना खुणेने बोलावून पेन्सिलीने हवेतच दाखवायला लागला: नावं वेगवेगळ्या हातांची आहेत, एक थरथरती, एक ऐटदार, एक शाळकरी, पण वयाच्या रकान्यातले आकडे सगळे एकसारखे, त्याच वळणाचा सात, तीच शाई. म्हणजे सही माणसाने केली आणि वय गोळा करणाऱ्याने विचारून लिहिलं असेल का? की घरी गेल्यावर भरलं? म्हाताऱ्यांना स्वतःचं वय माहीत होतं का? कुमु म्हणाले, स्कॅनमध्ये बघितलं होतंस का हे? तो म्हणाला बघितलं होतं, पण तेव्हा मी फक्त आमचं आडनाव शोधत होतो.

चष्मेवालीचं वेगळंच. नाटकात ती दहा कागदांचा गठ्ठा हातात धरायची. खोक्यातली जाडी बघून कुजबुजली, हे एका बाईने एका हातात धरणं शक्यच नाही, आपलं चुकलं. वहीत लिहूनही घेतलं.

ऑनलाइन का नाही, त्या बाबांना आता मी हेच सांगते. आणि दुसरं असं की हे कागद हवाईतल्या माणसांचे, हवाईयन भाषेतले, आणि ते वाचू शकणारी मुलं पॅसिफिकच्या मधोमध. कागद तिकडे जाणार नाहीत. मग मुलांना इकडे आणायचा खर्च कोणीतरी करायला नको का, दर वर्षी कोळसा पेटवल्याशिवाय?

बाहेर आल्यावर लॉकरमधल्या लेई परत गळ्यात, आणि समोरच्या नेव्ही मेमोरियलच्या कारंज्यापाशी, आत दोन तास दाबून ठेवलेला आवाज काढून, पुन्हा ओली. या वेळी चांगली खणखणीत. ऑफिसातून सुटलेली माणसं थांबून बघत होती.

गुरुवार

एक्सफिनिटी सेंटरमध्ये बक्षीस समारंभ, आधी राज्याराज्यांची मिरवणूक, झेंडे, आरडाओरडा, कोणी मक्याची कणसं डोक्यावर घातलेली, कोणी लॉब्स्टर. आमच्या दोन्ही गटांना नंबर नाही. मोठ्यांना वाईट वाटलं, धाकट्यांना बिल्ल्यांची पिशवी हरवल्याचं जास्त. सापडली नंतर, खुर्चीखाली.

परतीचा शुक्रवार

सर्फबोर्ड बॅगेत या वेळी बोर्डाऐवजी मळके कपडे भरले, बोर्डाचे तुकडे रॉकव्हिलच्या माळ्यावर ठेवून आलो, पैसे वाचले. लॉस एंजेलिसला तीन तास थांबायचं होतं. गेटपाशी जमिनीवर बसून लेक आणि उकुलेलेवाला पुढच्या वर्षाची थीम वाचत होते, क्रांती, प्रतिक्रिया, सुधारणा असं काहीतरी आहे, आणि त्यांचं ठरलंही होतं: बॉस्टनची तीच मंडळी, दोन छापखाने, मुंबई आणि होनोलुलु. मला बोलावून विचारलं, आंटी, त्या अमेरिकन बोर्डाची जुनी पत्रं कुठे असतात? म्हटलं माझ्या माहितीप्रमाणे हार्वर्डला, हाउटन लायब्ररीत. आणि मराठी वाचणार कोण? दोघांनी माझ्याकडे बघितलं.

शेजारी बसलेले एक बाबा, ज्यांनी मे महिना सगळा जाळ्या उलटण्यात घालवला होता, ते डोळे न उघडताच म्हणाले, बॉस्टन म्हणजे अजून किती चिकन?